कपाळावरून ठरवलेली विधवा: एका एचिंगच्या लेबलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पार्ल्यातल्या एका सांस्कृतिक संस्थेला एका दिवंगत संग्राहकाच्या घरून मुद्राचित्रांचा संच देणगी म्हणून मिळाला. त्यात लिथोग्राफ होते, लाकडी ठशांची चित्रं होती आणि थोडी एचिंग होती. पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी, संस्थेच्या वरच्या मजल्यावरच्या दालनात त्यांचं छोटं प्रदर्शन भरवायचं ठरलं. लेबलं लिहायचं काम माझ्याकडे होतं. सोबत एक तरुण सहकारी होती आणि सल्ल्याला एक ज्येष्ठ मुद्राचित्रकार. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून निघालेले हे गृहस्थ इतकी वर्षं शिकवत आले आहेत की सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात.

संस्था, माणसं आणि कुटुंब ओळखू येईल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत. चित्राबद्दलचे तपशील जसेच्या तसे आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

चित्र

अंदाजे पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराच्या प्लेटवरून छापलेलं हे एका स्त्रीचं खांद्यापर्यंतचं व्यक्तिचित्र. चेहरा किंचित खाली झुकलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. केस मागे घट्ट बांधलेले. पदर उजव्या खांद्यावर, उजव्या नाकपुडीत चमकी, उजव्या गालावर एक काळा ठिपका. कपाळ मोकळं. मागची पार्श्वभूमी आडव्यातिडव्या रेघांनी दाट काळी केलेली आणि चेहऱ्याच्या खालच्या भागावर राखाडी सावट. गळ्याशी पदर असल्याने मंगळसूत्र आहे की नाही ते दिसत नाही. हातही चित्रात नाहीत, त्यामुळे बांगड्यांचा प्रश्नच येत नाही.

एचिंगची रीत थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यावरून झाले. तांब्याच्या किंवा जस्ताच्या प्लेटवर मेण-डांबराचा पातळ थर देतात. त्या थरावर सुईने चित्र काढलं की रेघेपुरता धातू उघडा पडतो. मग प्लेट ॲसिडमध्ये सोडतात. ॲसिड उघड्या धातूला खातं आणि रेघ खोल होते. जास्त वेळ ठेवलं तर रेघ जास्त काळी छापते. जी रेघ फिकट हवी ती मध्येच वॉर्निश लावून बंद करतात. छापताना सगळ्या प्लेटवर शाई चोपडायची, मग जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसून घ्यायची, म्हणजे शाई रेघांत उरते. ओलसर कागद वर ठेवून प्रेसच्या रुळांतून काढला की रेघांतली शाई कागद ओढून घेतो. आणि छाप नेहमी प्लेटच्या उलटा येतो. डावं उजवीकडे जातं.

अडचण

जुन्या फ्रेमच्या मागे खाकी कागदावर निळ्या शाईने लिहिलं होतं: 'दुःखी विधवा'. देणगीच्या यादीत तेच नाव, विम्याच्या यादीत तेच नाव, आणि संस्थेच्या कार्यवाह बाईंनी तयार केलेल्या लेबलच्या मसुद्यातही तेच. पुढे एक वाक्य जोडलेलं होतं: 'तत्कालीन समाजातील विधवेच्या एकाकी जीवनाचे हृदयस्पर्शी चित्रण.'

कोणी खोटेपणा केलेला नव्हता. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला बाईचं कपाळ मोकळं दिसलं की एक अर्थ आपोआप सुचतो. त्यात खाली झुकलेले डोळे आणि काळी पार्श्वभूमी, म्हणजे गोष्ट जुळूनच आली. पण चित्रातली बाई कोण, हे एकालाही ठाऊक नव्हतं. चित्रकार कोण, तेही नाही. तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग मात्र आपण भिंतीवर लिहून टाकणार होतो.

मला यात दोन प्रश्न वेगळे करावेसे वाटले. चित्रात दिसणारं दुःख नेमकं कुठून येतं? आणि तिचं नाव नसणं हे कसलं नसणं आहे: हरवलेलं, लपवलेलं, की कोणी विचारलंच नाही म्हणून राहून गेलेलं?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आहे ते नाव ठेवायचं. कार्यवाह बाईंचा कल इकडे होता आणि त्यांचा मुद्दा कच्चा नव्हता. इतकी वर्षं चित्र त्या नावाने ओळखलं गेलंय, संग्राहकाच्या घरच्यांनी त्याच नावाने दिलंय. देणगी हातात पडल्याबरोबर आपण नाव बदललं तर त्यांना काय वाटेल?

दुसरा, 'अनामिका' असं काहीतरी काव्यमय नाव. समितीतल्या एका सभासदांना हे फार आवडलं. मला ते पहिल्याहूनही अडचणीचं वाटलं, कारण त्यात नाव नसण्यालाच दागिना करून टाकायचा प्रकार होता. नाव शोधायची गरजच मग कोणाला वाटणार नाही.

तिसरा, शोध पुरा होईपर्यंत चित्र बाजूला ठेवायचं. हा सुरक्षित होता, पण प्रदर्शनातलं सर्वांत ताकदीचं चित्र कपाटात गेलं असतं, आणि कपाटातल्या चित्राची ओळख पटवायला कोण येणार?

चौथा पर्याय माझ्या तरुण सहकारीचा. 'स्त्रीचं व्यक्तिचित्र, एचिंग' इतकंच लिहा, भावाबद्दल एक अक्षर नको. बघणाऱ्याचं त्याला ठरवू दे. आजकाल पुष्कळ दालनांत हीच पद्धत असते. मला ती अर्धी पटली. नाव आणि वैधव्य काढायचं, हे ठीक. पण त्या चेहऱ्यावर काहीतरी आहे हे दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला जाणवतं. त्याबद्दल लेबल गप्प राहिलं तर बघणारा पुन्हा कपाळावरूनच अर्थ लावणार. आपण गप्प राहिलो म्हणून त्याची सवय जात नाही.

ही सवय जुनी आहे आणि तिचा एचिंगशी संबंधही जुना आहे. बाल्ताझार सोल्व्हिन्स या फ्लेमिश चित्रकाराने १७९६ ते १७९९ या काळात कलकत्त्यात अडीचशे रंगवलेली एचिंग काढली. माणसं जात, धंदा आणि पोशाख यांनुसार मांडलेली. एखादी बाई म्हणजे अमुक जातीची बाई. आपल्या मुंबईत विल्यम जॉन्सनने १८६०च्या दशकात शहरातल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, त्यातही समूहाचं नाव ठळक आणि माणसाचं नाव गायब. याउलट बंगाली मुद्राचित्रकार मुकुल डे १९१६च्या सुमारास शिकागोत हे तंत्र शिकून आले, आणि त्यांनी केलेली नामवंतांची व्यक्तिचित्रं आज नावानिशी ओळखली जातात. प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्याला नाव मिळतं; बाकीच्यांच्या चेहऱ्याला वर्णन मिळतं. 'दुःखी विधवा' हे नाव त्या दुसऱ्या रांगेतलं आहे. लिहिणाऱ्याला ती एक बाई दिसलीच नाही, एक प्रकार दिसला.

काय केलं

पहिला निर्णय फ्रेम उघडायचा होता. त्यालाही विरोध झाला. फ्रेम सागवानी, जुनी, देखणी. पण माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती लावलेल्या पुठ्ठ्याच्या, कडेने कागदावर तपकिरी रेघ उमटायला लागलेली काचेतूनही दिसत होती. त्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरलं की असं होतं, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत ते वाढत जातं. चित्र वाचवायचं तर उघडणं भागच होतं. हे कारण पुढे केल्यावर विरोध मावळला. कागदाचं संवर्धन करणाऱ्या बाईंनी फ्रेम उघडली आणि माउंट उचलला.

माउंटखाली दडलेला समास मोकळा झाला. प्लेटच्या दाबाची खोलगट कड चारी बाजूंनी शाबूत होती. खाली पेन्सिलीने डावीकडे '१७/२०', म्हणजे वीस छापांपैकी सतरावा क्रमांक, उजवीकडे सही आणि '१९५६'. सही वाचता येत नव्हती. शीर्षक कुठेच नव्हतं. चित्रकाराने क्रमांक लिहिला, सही केली, वर्ष घातलं; नाव द्यायचं असतं तर मधली जागा रिकामी होती. फ्रेमच्या मागचं हस्ताक्षर या पेन्सिलीच्या हस्ताक्षराशी जुळत नव्हतं. पहिल्या पर्यायाचा पाया इथेच हलला.

मग सर आले. मी विचारलं, "सर, हिला दुःखी म्हणायचं का?"

"आधी भिंग द्या," ते म्हणाले. "चेहरा नंतर बघू."

चेहऱ्याकडे त्यांनी खरंच बराच वेळ पाहिलं नाही. ते प्लेटच्या कोपऱ्यातून सुरू झाले. खालच्या उजव्या कोपऱ्यात, काळ्या जाळीत बुडालेली, दोन बारीक देवनागरी अक्षरं होती आणि ती आरशात पाहिल्यासारखी उलटी होती. म्हणजे चित्रकाराने अक्षरं सरळ कोरली आणि छापात ती उलटली. ज्याने अक्षरं उलटी कोरायची तसदी घेतली नाही, त्याने चेहराही उलटा करून घेतला नसणार; बाई समोर बसवून, जशी दिसली तशी, थेट प्लेटवर काढली असणार.

याचे परिणाम पुष्कळ होते. छापात पदर उजव्या खांद्यावर आहे, म्हणून यादीत कुणीतरी पेन्सिलीने 'गुजराती?' असंही लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात पदर डाव्या खांद्यावर होता. चमकी उजव्या नाकपुडीत दिसते, ती डावीत होती, जशी आपल्याकडे असते. पदर आणि चमकी दोन्ही एकाच दिशेने सरळ झाले, त्यामुळे अंदाजाला बळ आलं. उरला गालावरचा ठिपका. तो तीळ आहे की ॲसिडने भलत्या जागी खाल्लेलं भोक? थराला टाचणीएवढं छिद्र राहिलं तरी असे ठिपके पडतात आणि या प्लेटवर कानाजवळ तसे दोन-तीन होतेच. पण भिंगाखाली कानाजवळचे ठिपके गोल, एकसारखे दिसले. गालावरचा ठिपका चार-पाच अगदी आखूड रेघा एकमेकींवर घेऊन मुद्दाम केलेला होता. सर म्हणाले, "हा काढलेला आहे. तीळच आहे." आम्ही नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवलं: या स्त्रीच्या डाव्या गालावर तीळ असणार. ही नोंद पुढे किती कामाला येईल याची तेव्हा कल्पना नव्हती.

मग कपाळ. मला वाटत होतं तिथे काही काढलेलंच नाही म्हणून कागद कोरा आहे. भिंगाखाली वेगळंच दिसलं. केसांच्या सावलीच्या बारीक रेघा कपाळावर उतरत होत्या आणि मध्येच बोथट होऊन विरत होत्या. तिथला पांढरा भाग बाकीच्या कागदाइतका पांढरा नव्हता, धुरकट होता. सरांनी बोट न लावता दाखवलं. इथे आधी रेघा होत्या. नंतर स्क्रेपरने खरवडून, बर्निशरने घोटून धातू पुन्हा गुळगुळीत केलेला आहे. उजेड कपाळावर पडतोय असं दाखवायचं असेल तर मुद्राचित्रकार हेच करतो.

म्हणजे ज्या मोकळ्या कपाळावरून वैधव्य ठरलं होतं, ते चित्रकाराने उजेडासाठी मोकळं केलेलं होतं. तिथे आधी कुंकू होतं का, हे छापावरून सांगता येत नाही. आणि नसलं तरी काय? हे मुंबई शहर आहे. इथे कुंकू न लावणाऱ्या बायका तेव्हाही गल्लोगल्ली होत्या, ख्रिस्ती, पारशी, मुसलमान, ज्यू, आणि ज्यांना लावावंसं वाटत नव्हतं अशाही.

शेवटी सर चेहऱ्यावर आले. दुःख कुठे आहे, हे त्यांनी जागा दाखवून सांगितलं. एक, चेहऱ्याच्या खालच्या भागावरचं राखाडी सावट. तिथे रेघा नाहीतच. छापताना शाई पूर्ण पुसलेली नाही, पातळ पडदा मुद्दाम राखलेला आहे. अमेरिकी चित्रकार व्हिस्लरने १८७९-८० मध्ये व्हेनिसला केलेल्या प्लेटांचे छाप याच युक्तीने एकमेकांपासून वेगळे झाले. एकाच प्लेटवर एकदा जास्त शाई ठेवली की दाट रात्र, कमी ठेवली की फटफटायला लागलेलं. दोन, ओठांची रेघ. खालच्या ओठाखाली सुईने थेट धातू ओरखडलेला दिसतो, म्हणजे ड्रायपॉइंट. तसं ओरखडलं की रेघेच्या कडेला धातूची बारीक कूस उभी राहते, तिला बर म्हणतात. बरमध्ये शाई अडकते आणि छाप मखमली, मऊ येतो. पण प्रेसच्या दाबाने बर लवकर झिजतो, जस्तावर तर फारच लवकर. हा सतरावा छाप असेल, तर बर झिजून मऊ सावलीच्या जागी एकच कडक रेघ उरलेली असू शकते. ओठ त्यामुळे आवळलेले वाटतात. तीन, पापण्या. "तासभर एका जागी बसून बघा," सर म्हणाले. "तुमच्याही अशाच होतील."

या शेवटच्या गोष्टीने मी हलून गेलो. दुःख म्हणून आपण जे वाचत होतो त्यात बसून बसून आलेला शिणवटा असू शकतो, म्हणजे एका बाईने केलेल्या कामाची खूण.

लेबल असं ठरलं: 'स्त्रीचं व्यक्तिचित्र. एचिंग आणि ड्रायपॉइंट, १९५६. छाप १७/२०. चित्रकाराची सही वाचता आलेली नाही. बसलेल्या स्त्रीचं नाव मिळालेलं नाही. जुन्या फ्रेमच्या मागे दुसऱ्या हस्ताक्षरात "दुःखी विधवा" असं लिहिलं होतं. चित्रात वैधव्याचा पुरावा नाही. चेहऱ्यावरचं सावट न पुसलेल्या शाईचं आहे. भिंगातून कपाळ आणि खालचा ओठ पाहा.' शेजारी स्टँडवर भिंग ठेवलं. कागदावरच्या कामाला प्रकाश मंद लागतो, पन्नास लक्सच्या आसपास, त्यामुळे भिंगाशिवाय हे दिसलंच नसतं. जुनं नाव पूर्ण पुसायचं नाही, असं मी आग्रहाने मांडलं. संग्राहकाच्या घरी चित्र त्या नावाने पाहिलं गेलं, हाही चित्राच्या इतिहासाचाच भाग आहे. एवढ्यावर कार्यवाह बाई आणि देणगीदारांचे चिरंजीव दोघेही राजी झाले.

दुसरा छाप

प्रदर्शन सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई चित्रासमोर थांबल्या, गेल्या, पुन्हा आल्या. माझ्या सहकारीने खुर्ची पुढे केली. "काकू, बसता का?"

"नको गं. ही माझ्या मावशीसारखी दिसते. आमच्याकडे असंच चित्र आहे, पण ते इतकं उदास नाही."

नंतर त्या ते घेऊन आल्या, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात, वर साडीचं कापड गुंडाळून. तीच प्लेट होती यात शंका नव्हती. कानाजवळचे भोकांचे ठिपकेही जागच्या जागी होते. समासात '३/२०', तीच न वाचता येणारी सही, आणि खाली पेन्सिलीने 'सप्रेम' आणि एक नाव. मावशीचं नाव.

दोन छाप टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा दालनात असलेले सगळे भोवती जमले. काकूंच्या छापात शाई स्वच्छ पुसलेली होती, चेहऱ्यावर सावट नव्हतं. ओठाखालचा बर ताजा होता, त्यामुळे सावली मऊ आणि ओठ भरलेले. तोच झुकलेला चेहरा, त्याच पापण्या. बाई दुःखी वाटत नव्हती. कशात तरी लक्ष घालून बसलेली वाटत होती. काकू म्हणाल्या, "मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कोणी बोलत असलं की अशीच मान खाली घालून ऐकायची."

इथे मोह होता. 'दुःखी विधवा' काढून 'ऐकणारी स्त्री' लावायला एक मिनिट पुरलं असतं आणि सगळ्यांना आवडलं असतं. पण भाचीची आठवण ही भाचीची आठवण आहे. ती मोलाची आहे, चित्राचा अर्थ ठरवून टाकायला ती पुरेशी नाही. आम्ही ती नोंदवहीत, त्यांच्या परवानगीने, आठवण म्हणून लिहिली.

ओळख कितपत पक्की, हाही प्रश्न होता. चेहऱ्यातलं साम्य हा दुबळा पुरावा. घरातल्या माणसाला ओळखीचा चेहरा सापडतोच. भेट म्हणून नाव लिहिलंय, पण भेट मिळालेली बाई आणि चित्रातली बाई एकच असेल असं नाही. मग काकूंनी फोटो काढला. मावशी तिशीच्या आतल्या, गच्चीवर उभ्या. कपाळावर कुंकवाचा बारीक ठिपका. आणि डाव्या गालावर तीळ. सहकारीने काही न बोलता नोंदवही उघडून पान काकूंच्या पुढे धरलं. त्यांनी तारीख वाचली, ओळ वाचली, आणि पुन्हा फोटोकडे पाहिलं.

मावशींचं लग्न झालेलं नव्हतं. फोटोत कुंकू होतं, पण चित्रासाठी बसताना होतं का, की घोटलेल्या कपाळाखाली ते गेलं, याचं उत्तर प्लेटमध्ये असेल आणि प्लेट कुठे आहे हे कळायला मार्ग नाही.

नावाचा निर्णय

आता नाव हातात होतं. माझ्या मते या प्रकरणातला हाच सर्वांत अवघड टप्पा.

मावशी गिरगावातल्या एका चित्रकाराकडे पैसे घेऊन बसायच्या. नोकरीच्या पगारात घर चालत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी फक्त आपल्या बहिणीला, म्हणजे काकूंच्या आईला, सांगितली होती. पदर अंगभर घेऊन काढलेलं खांद्यापर्यंतचं चित्र, पण १९५०च्या दशकातल्या चाळीत 'चित्रकाराकडे बसायला जाते' एवढं वाक्य पुरेसं होतं. छाप ट्रंकेच्या तळाशी राहिला.

काकूंना नाव लावायचं होतं. "इतकी वर्षं लपवलं, आता तरी तिचं नाव दिसू दे." ठाण्याला राहणारे त्यांचे थोरले भाऊ फोनवर म्हणाले, "तिने हयातीत कुणाला सांगितलं नाही. आपण आता भिंतीवर लावायचं?"

दोघांचंही म्हणणं प्रेमातून आलेलं होतं आणि दोघांचंही खरं होतं. संस्थेत मतं विभागली. सहकारी ठामपणे काकूंच्या बाजूने: बाईंची नावं अशीच तर नाहीशी होतात, आणि हाती आलेलं नाव आपण पुन्हा झाकायचं? मी भावाच्या बाजूला झुकलो. नाव कोणी विचारलं नाही म्हणून ते गेलं असतं, तर ते लिहिणं आपलं कर्तव्य होतं. इथे बाईने स्वतः ठरवून नाव राखून ठेवलं होतं. तिच्यावर तो निर्णय कशाच्या धाकाने आला, हे आपल्याला दिसतं आणि त्याचा राग येतो. तरी निर्णय तिचा होता. तिच्या आयुष्यावर 'विधवा' लिहिणाऱ्याने तिला विचारलं नव्हतं. आपणही न विचारता नाव लिहिलं तर आपली रीत फार वेगळी ठरत नाही.

शेवटी काकू आणि त्यांचे भाऊ दोघे संस्थेत आले, चहा झाला, दोघांनी दोन्ही छाप पाहिले. ठरलं ते असं. भिंतीवर नाव नाही. पण 'नाव मिळालेलं नाही' हे वाक्य आता खोटं होतं, ते बदललं: 'बसलेल्या स्त्रीचं नाव कुटुंबाला माहीत आहे. ते इथे दिलेलं नाही.' पुढे काकूंनी स्वतः सुचवलेली ओळ: 'चित्रासाठी बसणं हे त्यांचं काम होतं आणि त्याचा त्या मोबदला घेत.' या ओळीला भावाने हरकत घेतली नाही, उलट मान डोलावली. नाव, फोटोची प्रत आणि ओळखीचा आधार एका बंद पाकिटात संस्थेच्या दप्तरात ठेवला. दोघांच्या संमतीशिवाय ते उघडायचं नाही, असं पत्र जोडलं.

निष्पत्ती

उरलेल्या दिवसांत दोन्ही छाप शेजारी-शेजारी लागले, '३/२०' काकूंकडून उसना घेऊन. लोक एकाकडून दुसऱ्याकडे आणि परत पहिल्याकडे जात होते. अभिप्रायाच्या वहीत एकाने लिहिलं की बाई रागावलेली आहे, एका शाळकरी मुलीने लिहिलं की तिला झोप आलीय. एक गृहस्थ मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की विधवाच आहे, कपाळ बघा. भिंगातून पाहिल्यावरही. त्यांच्याशी सहकारीने हुज्जत घातली नाही.

देणगीदारांच्या घरी नाव बदलल्याचं वाईट वाटेल ही भीती खरी ठरली नाही. चिरंजीवांनीच सांगितलं की फ्रेमच्या मागचं अक्षर फ्रेमवाल्याचं असावं. वडील या चित्राला नुसतं 'बाई' म्हणायचे.

काय वेगळं करता येईल

अशा कामात मुद्राचित्रकाराला पहिल्या बैठकीलाच बोलवावं, मसुदा लिहून झाल्यावर नाही. आमच्याकडे सर आले तेव्हा मसुदा फिरून झाला होता आणि शब्द एकदा कागदावर आले की समितीला ते हलवायला जड जातं. फ्रेम उघडण्याचा खर्च देणगी स्वीकारतानाच धरावा. समासात काय दडलंय हे न बघता कुठल्याही मुद्राचित्राचं लेबल लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रदर्शनाआधी आजूबाजूला विचारणा करायला हवी होती का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. व्हॉट्सअॅपवर चित्र फिरवलं असतं तर काकू कदाचित आधीच भेटल्या असत्या. पण मग नाव आधी फिरलं असतं आणि राखून ठेवायला काही उरलं नसतं. मला वाटतं चित्र भिंतीवर, शांतपणे, आणि शेजारी विचारायला एक माणूस, ही पद्धत बरी. दालनात बसणाऱ्याला अशा वेळी काय करायचं हे आधी सांगून ठेवावं: खुर्ची द्यावी, फोन नंबर घ्यावा, नाव मात्र मोठ्याने विचारू नये. आमची सहकारी हे उपजतच करत होती. प्रत्येक ठिकाणी तशी व्यक्ती असेल असं नाही.

बंद पाकिटाच्या पत्रात एक त्रुटी आहे. 'दोघांच्या संमतीशिवाय' असं लिहिलंय, पण दोघेही नसतील तेव्हा काय, हे लिहिलेलं नाही. पुढच्या पिढीतल्या कोणाचं म्हणणं घ्यायचं, किती वर्षांनी पाकीट उघडायचं, की उघडायचंच नाही, हे कुटुंबाशी बोलून नव्याने लिहायला घेतलं आहे. विम्याच्या यादीतलं 'दुःखी विधवा' हे नाव नूतनीकरणाच्या वेळी बदलायचं आहे, आणि त्याचा अर्ज कार्यवाह बाईंनी स्वतःच्या हाताने भरला आहे.